कसे कापू?

घरदार सोडून जीव मुठीत धरून आला तेव्हा निर्वासितांना आसरा देणाऱ्या एका संस्थेने न्हाव्याला जेवण दिलं, पांघरूण दिलं आणि न विचारता, मशीन फिरवून सगळ्यांसारखं भादरूनही टाकलं. आता त्याचं स्वतःचं दुकान होतं. सुट्टीच्या दिवशी घरचा आरसा काखोटीला मारून तो तिथेच निर्वासितांचे केस फुकट कापायला यायचा.

"कसे कापू?" त्याने नव्याने आलेल्या म्हाताऱ्याला विचारलं.

"कसेही चालतील."

"चालणार नाहीत!" न्हावी खेकसला. "डोकं तुमचं आहे ना?"

"अहो, उरका लवकर! रांग दारापर्यंत गेलीय," संस्थेच्या बाई म्हणाल्या.

"जाऊ दे की."

म्हातारा बराच वेळ आरशात बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मी... डावीकडे भांग पाडायचो."