वाळू बसलेला पाइप

मी पाइप बोलतोय. हो, तोच, सोन्याच्या खाणीतला राखाडी चिखल डोंगरापलीकडच्या तळ्यात नेणारा! आज जरा घाईत बोलतोय, कारण पोट भरलंय. वाळूनं.

नवा होतो तेव्हा काय मजा! चिखल असा सुसाट पळायचा की वाळूला टेकायला फुरसतच नाही. पण जड वाळू तळाला घासत जाते, तळ झिजतो. मग मला जरासं फिरवून झिजलेली बाजू वर घ्यायचे. दोनदा फिरवलंय. आता माझ्या दोन्ही कुशी पातळ आहेत.

सोनुन एजे, म्हणजे आपली सोनुनताई, माझ्या कडेकडेनं रोज चालते, हातोडीनं ठोकते, कान लावते. परवा ठोकलं आणि थांबलीच. वरून टण्ण, खालून भद्द.

तिनं लगेच पंपावरच्या उलारला फोन लावला. "उलार, वेग वाढव. वाळू बसतेय."

"एजे, दाब आधीच चढलाय! पाइप फाटला तर नोकरी जाईल माझी."

"अरे शहाण्या, आतली वाट अरुंद झाली म्हणूनच चढलाय!"

"तुम्ही ठोका, दाबाचा काटा मी बघतो."

आणि त्यानं पंप हळू केला. झालं! चिखल मंदावला, थर वाढला, दाब आणखी चढला. काटा बघून यानं अजून हळू केलं. दोन दिवस हेच! घाबरली की माणसं हळू का होतात, कोण जाणे.

माझ्या खालीच ओढा आहे. वस्तीतली माणसं, घोड्या, शिंगरं, सगळे तेच पाणी पितात. मी फाटलो तर सगळा चिखल तिथं.

आज सकाळी उलार स्वतः वर आला. एजेनं त्याचं डोकं धरून कान माझ्यावर टेकवला आणि खालून ठोकलं. भद्द! पोराचा चेहराच उतरला.

"आता काय, एजे?"

"चिखल बंद. नुसतं पाणी सोड, जोरात. वाळू उचलली जाईल."

"पण कूस टिकेल?"

"माहीत नाही. आधी घोड्या वर आणू. वस्तीत सांग, आज ओढ्याचं पाणी नको."

"तुमची ती लाथाळ घोडी तुम्हीच आणा!"

"ती तुझ्यापेक्षा लवकर ऐकते."

आता शेवटचं शिंगरू चढावर आलंय. उलार पंपावर पोचलाय. बाबा रे, माझी दया येऊन हळू सोडू नकोस! फाटलो तर कापून दुसरा तुकडा लावा, पण असं गुदमरवत ठेवू नका.

एजे, तू जरा लांब उभी राहा. अजून लांब. हां.

सोड, उलार.