बायडाबाईचा खळगा

सोमशेखर कुरुंदवाडचा, लिंगायताच्या घरातला. संगमाशेजारी वाढलेला, त्यामुळे पुराचं त्याला काही कौतुक नव्हतं. कौतुक होतं ते कॉम्प्युटरचं. २००४ साली कोल्हापुरातल्या एका कॉलेजात त्याला घेतलं ते सावळओढ्याचा पूर-नकाशा करायला. ओढा म्हणजे केवढा, नऊ किलोमीटरचा. पण पावसाळ्यात अंगात आल्यासारखा वागायचा. कुठल्या घरात पाणी शिरेल हे नकाशाने आधी सांगायचं आणि तेवढी घरं वेळेत हलवायची, असा बेत होता. बेत चांगलाच होता. माणसं मरतात ती बहुधा चांगल्याच बेतात. उन्हाळाभर सोमशेखर लेव्हलचं यंत्र खांद्यावर टाकून ओढ्याकाठी उंच-सखल मोजत हिंडला.

काठावरच्या एका खळग्यात बायडाबाईचं घर होतं. सासऱ्याने विटांसाठी माती काढली, ती जागा. म्हातारी एकटी, सोबतीला एक शेळी. मुलगा ज्ञानू शिरोली एमआयडीसीत फौंड्रीवर होता आणि तिथेच खोली करून राहायचा.

"पावणं, उनाचं काय मोजताय? पाणी तरी प्या," म्हणत ती तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आली.

"मावशी, हितं पाणी येतंय काय?"

"येतंय की. येतंय, बसतंय, जात न्हाय. ल्हानपणी ज्ञान्याला विचारलं, पाणी काय करतंय रं, तर त्यो बी असंच म्हणायचा."

सोमशेखर हसला. खळग्याची खोली त्याने चारदा मोजली आणि वहीत लिहिली. बाकीचा बराचसा नकाशा जुन्या सरकारी नकाशावरून उतरवलेला होता. हा खळगा मात्र त्याने स्वतः मोजलेला.

कॉम्प्युटर अडला तो तिथेच. त्याचा हिशेब सरळ असतो: नकाशाचे बारीक चौकोन पाडायचे; प्रत्येक चौकोनातलं पाणी शेजारच्या सखल चौकोनात जातं, असं करत करत ते नदीला पोचतं. खळगा आला की पाणी आत उतरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. वरून येणारा सगळा ओढा बायडाबाईच्या दारात गडप व्हायचा आणि खाली नदीपर्यंत थेंब पोचायचा नाही. त्यावर उपाय ठरलेला होता. एक बटण दाबलं की कॉम्प्युटर सगळे खळगे कडेपर्यंत भरून टाकतो आणि पाणी वरून सरळ निघून जातं.

"सर, बाकीचे खळगे आकड्यांच्या चुका असतील. हा एक खरा आहे," सोमशेखर म्हणाला.

"एका खळग्यासाठी सगळा ओढा अडवून धरतोस काय? सोमवारी अहवाल द्यायचाय," प्रकल्प सांभाळणारे सर म्हणाले.

त्याने बटण दाबलं. भरल्यावर तो खळगा नकाशात हाताने परत खोदता आला असता. दोन दिवसांचं काम होतं. करू म्हणाला, आणि राहिलं. नकाशा छापून आला तेव्हा ओढ्याकाठी निळा पट्टा होता आणि बायडाबाईचं घर पांढऱ्या, कोरड्या जागेत होतं. ज्ञानूने कॉलेजात येऊन हौसेने एक प्रत मागून घेतली. सोमशेखरने त्यावर पेनाने फुली मारून दिली. "हे तुमचं घर."

पुढच्याच वर्षी, २००५ च्या जुलैअखेर पंचगंगा फुगली. तिने ओढ्याचं पाणी मागे रेटलं. निळ्या पट्ट्यातली घरं नकाशा बघून रिकामी केली, आणि खरंच त्यातलं माणूस काय, कोंबडंही दगावलं नाही. दुपारी बाराला ज्ञानूचा कॉलेजात फोन आला.

"साहेब, कंपनीचा टेंपो मिळतोय. आईला आणू काय?"

नकाशा सोमशेखरच्या समोर होता आणि वही ड्रॉवरमध्ये. "आण" एवढंच म्हणायचं होतं. पण आण म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि शेजारच्या टेबलावर सर बसले होते.

"नकाशात तिथं पाणी नाही," तो म्हणाला.

शब्द न् शब्द खरा होता. अशा खऱ्याला जाळायचं काय? चारच्या सुमाराला रस्ता बंद झाला. तिसऱ्या दिवशी नाव गेली तेव्हा खळगा काठोकाठ भरलेला होता आणि पाणी जागचं हलत नव्हतं. शेळी कौलांवर होती, जिवंत. म्हातारीने तिला आधी वर चढवलं असावं. म्हातारी आत सापडली.

कुणी काही विचारलं नाही. सरांना अहवालाबद्दल शाबासकी मिळाली आणि सोमशेखरला दुसऱ्या ओढ्याचं काम. पण तेव्हापासून त्याचा हात त्या बटणावर जाईना. कॉम्प्युटर म्हणायचा, या नकाशात दोनशे सतरा खळगे आहेत, भरू? आणि त्या दोनशे सतरा ठिकाणी त्याला एकेक म्हातारी दिसायची, तांब्या घेऊन उभी. बंद खोलीत गुळाचा वास यायचा. मशीन बंद केलं तरी काळ्या पडद्यावर एक जागा जास्त काळी दिसायची. मग रविवारी स्कूटर काढून तो एकेक खळगा बघत हिंडायचा आणि लोकांना विचारायचा, इथं कोण राहतं? बायको सुष्मिता म्हणायची, "लोक देवळात जातात, आमचे हे खड्ड्यात." आधी ती हसत म्हणायची. पुढे पुढे हसणं गेलं.

२००८ च्या श्रावणात ज्ञानू त्याला शोधत आला. पेठ वडगावला त्याने दोन खोल्या बांधल्या होत्या. "वास्तुशांत हाय. तुमी आलाच पायजे साहेब." नाही म्हणायला सोमशेखरला तोंड नव्हतं.

पाहुणे जेवून गेल्यावर ज्ञानूने त्याला आत नेलं. भिंतीवर बायडाबाईचा फोटो होता, हार घातलेला. शेजारी काचेच्या चौकटीत तो नकाशा. पेनाच्या फुलीवर, काचेवरून, कुंकवाचं बोट लावलेलं.

"घर तर गेलं. आता आईच्या घराची एवढीच खूण ऱ्हायली," ज्ञानू म्हणाला. "लोक म्हणत्यात नकाशा चुकला. म्या म्हणतो, नकाशा बरोबर हुता, पाणीच वाट चुकलं. नकाशा चुकला म्हणायचं तर टेंपो दारात असून आईला न आणणारा मी कोण?"

आपण गप्प बसलो आणि तीन वर्षं हा माणूस स्वतःला खात बसला, हे सोमशेखरला आता कळलं. त्याची त्याला लाज वाटली.

"ज्ञानबा, पाणी चुकलं नाही. तूही चुकला नाहीस," तो म्हणाला, आणि मग वही, बटण, सोमवार, शेजारचं टेबल, सगळं सांगितलं. काहीच राखलं नाही.

ज्ञानू फोटोकडून त्याच्याकडे वळला.

"म्हंजे फोनवर बोलताना तुमास्नी ठावं हुतं?"

"व्हय."

ज्ञानूने चौकट खाली काढली, मागचे खिळे उचकटले आणि नकाशा जमिनीवर पसरला. खिशातलं पेन काढून सोमशेखरच्या हातात दिलं.

"काढा. हितं खळगा काढा."

सोमशेखरने फुलीभोवती गोल कडं ओढलं आणि त्याला आतल्या बाजूने बारीक दात काढले. नकाशात खळगा तसाच दाखवतात. कडं वेडंवाकडं झालं. ज्ञानूने ते निरखून पाहिलं, नकाशा परत चौकटीत घातला आणि फोटोशेजारी टांगला.

"माफ केलं असं समजू नका," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "दरसाल ह्या दिसात यायाचं. हितं, आईच्या म्होरं बसायचं. मी जा म्हणीपतुर जायाचं न्हाय."

बाहेर पावसाने जोर धरला होता. सोमशेखर भिंतीशी बसला. चहा आला, निवला, दिवेलागण झाली. ज्ञानू जा म्हणाला नाही.