उजवीकडे खचणारी मांड

पागेत सगळे तिला ताईच म्हणायचे. धाकट्या भावाची ती ताई होतीच, पण नालबंदापासून शिकायला येणाऱ्या पोरींपर्यंत सगळ्यांचीच झाली होती. वडिलांच्या घोडेस्वारीच्या शाळेतली काजळी घोडी तिच्याच हाताखाली वाढलेली. ड्रेसाजच्या स्पर्धेत, म्हणजे जिथे शर्यत नाही की उड्या नाहीत, घोड्यानं नुसत्या स्वाराच्या अंगाच्या खुणेवर डौलात चालायचं, वळायचं, दुडकायचं, तिथे ही जोडी दरवर्षी उतरायची आणि दरवर्षी अधेमधे कुठेतरी यायची. काजळी तोंडाचा सगळा भार लगामावर टाकून चालायची. रपेट संपेपर्यंत ताईचे खांदे भरून यायचे. "हिला पेलायला लोखंडाचे हात लागतात," ती म्हणायची, आणि म्हणताना तिला जरा बरंही वाटायचं.

मग भावाचं लग्न झालं. भावजय दुसऱ्या एका पागेत मुलांना शिकवायची. अंगानं काटकुळी, बोलायला मऊ. त्याच सुमारास ताईचं मनगट मुरगळलं आणि काजळीची रपेट भावजयीकडे गेली. ताई कठड्याला टेकून बघत राहिली. आता कळेल बाईला, असं तिच्या मनात होतं.

कळलं ते ताईलाच. भावजय ओढतच नव्हती. मधेच हात पुढे नेऊन ती लगाम सैल सोडायची. काजळी आधी धडपडली, पण टेकायला कुणाचा हातच नाही म्हटल्यावर मागचे पाय पोटाखाली घेऊ लागली. काही दिवसांत तिची पाठ उचलली, मान आपसूक कमानली. लगामाला झोल पडला तरी चाल मोडेना. घोडी आपला भार आपण वाहत होती. वडील शेजारी उभे होते. कौतुकाच्या बाबतीत त्यांचा हात कायमचा आखडता. ते हळूच म्हणाले, "वा."

ताईच्या वाट्याला आजवर फार तर "हं" आलं होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

मनगट बरं झालं, तसं वडील म्हणाले, "यंदा सूनबाईला उतरू दे. घोडी खुललीय. तू पुढच्या वर्षी."

"बरं," ताई म्हणाली आणि खरारा घेऊन दुसऱ्याच घोड्याकडे गेली. भावजयीचं सगळंच आता तिच्या डोळ्यांत खुपू लागलं. तिचं खोगीर पुसणं, तिचं हसणं, काजळीचं तिला बघून कान टवकारणं. घोडीचे ते कान तर फारच.

एके दिवशी भावजय तिच्याकडे आली. "ताई, जरा खाली उभं राहून मला बघाल का? बाबा काही बोलत नाहीत. चुकतंय कुठे ते वरून कळत नाही हो."

ताई रिंगणाच्या मधोमध उभी राहिली. पहिल्याच फेरीत तिला दिसलं. भावजयीची खोगिरातली मांड ढळत होती, कंबर उजवीकडे खचत होती. त्या बाजूचं वजन खोगिराच्या एकाच कडेवर पडायचं, आणि ते चुकवायला काजळी मागचा भाग तिरका टाकायची. ताईचा डोळा त्या बाबतीत कधी चुकत नसे.

"कसं वाटतंय?" भावजयीनं विचारलं.

"छान चाललंय," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. भावजय रोज विचारायची आणि ताई रोज तोंडदेखलं "छान" म्हणायची. वर भावजय आभार मानायची. खोटं तर आपण काही सांगत नाही, ताई मनाची समजूत घालायची. स्पर्धेत परीक्षकांनी दाखवावं की. त्यांचं कामच आहे ते.

स्पर्धा तोंडावर आली असताना ताई एकदा काजळीला खरारा करत होती. खोगिराच्या मागे, उजव्या अंगाला हात गेला आणि काजळीचं अंग थरारलं. ताईनं पुन्हा हलकेच दाबलं. घोडीनं कान मागे पाडले आणि दात दाखवले. ज्या घोडीनं तिला कधी साधं शेपूट मारलं नव्हतं, ती.

राग भावजयीवर आणि सोसलं घोडीनं. ती तशीच खरारा हातात घेऊन भावजयीकडे गेली.

"उद्या हिच्यावर चढू नकोस. पाठ धरलीय. तुझी मांड उजवीकडे खचते."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून दिसतंय मला."

भावजयीनं तिच्या हातातला खरारा काढून घेतला. मग म्हणाली, "आणि आज का सांगताय?"

"घोडीची पाठ दुखतेय म्हणून. तुझ्यासाठी नाही."

भावजयीचा चेहरा पडला. पण तिचा आवाज चढला नाही. "निदान हे तरी खरं बोललात," एवढंच म्हणून ती काजळीसाठी गरम पाण्याचा शेक आणायला गेली.

काजळीला विश्रांती दिली आणि त्या वर्षीची स्पर्धा हुकली. भावजयीनं वडिलांना फक्त पाठ दुखावल्याचं सांगितलं. ताईचं नाव काढलं नाही. तेही ताईला बोचलं. चांगुलपणातसुद्धा हिनं पुढेच राहावं.

घोडी बरी झाल्यावर भावजयीनं घोडी गोल फिरवायची लांब दोरी आणली. "ताई, आज तुम्ही चढा. दोरी मी धरते. लगाम नाही, रिकीब नाही."

"मला शिकवणार तू?"

"हो. आणि मग तुम्ही मला. आता राखून ठेवण्यासारखं काय उरलंय आपल्यात?"

ताई हट्टानंच चढली. काजळी गोल दुडकू लागली आणि ताईचे रिकामे हात आपोआप पुढे गेले, हवेत काहीतरी धरायला. ती पुढे कलली, हेलकावली, पडता पडता राहिली. तिला घाम फुटला. इतकी वर्षं घोडी लगामावर भार टाकत होती म्हणे. लगामावर भार टाकून बसली होती ती स्वतः, आणि घोडी बिचारी तिला ओढत होती.

"मांड्या सैल सोडा. खाली बसा, अजून खाली," भावजय म्हणाली.

बऱ्याच फेऱ्यांनंतर कुठे ताई खोगिरात खोल बसली. तेव्हा खालून काजळीची पाठ वर आली, भाकरी फुगावी तशी अलगद. ताईनं मान खाली घातली. तिला रडू येत होतं आणि ते भावजयीला दिसू द्यायचं नव्हतं.

पुढच्या वर्षी वडिलांनी दोघींपुढे विषय काढला, तेव्हा ताईच म्हणाली, "हिलाच उतरू दे. मला अजून वेळ लागेल." तयारीचे सगळे दिवस ती रिंगणात उभी राहून ओरडत राहिली, "उजवी. उजवी उचल. पुन्हा खचलीस." तिच्या आवाजाला धार असायची, आणि भावजय निमूट कंबर सरळ करायची.

भावजय दुसरी आली. लोक अभिनंदन करायला जमले, तर ती म्हणाली, "हे सगळं ताईंच्या डोळ्यांचं आहे." लोक ताईकडे वळले. ताई हसली, पण आत जुनी कळ उठलीच. दुसऱ्याच्या तोंडून मिळालेलं कौतुक तिला गोड लागेना. ती काजळीला घेऊन घोडी न्यायच्या गाडीकडे गेली, तिचे पाय धुतले, पाठीवरून दोन्ही बाजूंनी हात फिरवला. घोडी शांत उभी होती.

भावजय मागून आली. "उद्या सकाळी पहिली रपेट कुणाची?"

"माझी," ताई म्हणाली. "आणि तू लवकर ऊठ. दोरी धरायला कुणीतरी हवं."