उंचावरचा तुकडा

मेहताबच्या स्वयंपाकघरात उंदीर शिरले ते थंडी पडू लागली तेव्हा, आणि एकदा शिरले ते हलायचं नाव घेईनात. पिठाच्या डब्यावर लेंड्या, कांद्याच्या टोपलीत लेंड्या, धुऊन पालथ्या घातलेल्या परातीखालीसुद्धा लेंड्या. आता नेवाशाच्या बाजारगल्लीत उंदीर कोणाकडे नाहीत? पण कोणी ते एवढं मनाला लावून घेत नाही. मेहताबला घ्यावं लागलं, कारण घरात तिची तान्ही नात शिफा होती, आणि एका सकाळी सून सुमैरा लेकीचं कुरतडलेलं दुपटं घेऊन तिच्यापुढे उभी राहिली.

"अम्मी, आज दुपटं कुरतडलं. उद्या पोरीला चावले तर मी या घरात ऱ्हानार न्हाई. राहुरीला जाईन, माझ्या माहेरी. आधीच सांगून ठिवते."

सुमैरा तोंडाळ नव्हती, हीच तर पंचाईत. असती तर मेहताबनं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं असतं. पण ही पोर बोलली म्हणजे करणार. आणि ती गेली की परवेझही बायकोच्या मागं जाणार. टेम्पो काय, राहुरीतूनही चालवता येतो. मग उरणार कोण? मेहताब, आणि बायकोचं नाव विसरलेला तिचा नवरा, रशीद.

"चावत न्हाईत," मेहताब म्हणाली. "मी बघते त्यांच्याकडं."

आणि बाईनं कंबर कसली. पिंजरा आणून त्यात भजं अडकवलं. एक सापडला, बाकीचे शहाणे झाले. चिकट पुठ्ठा ठेवला, त्याला तिचीच ओढणी चिकटली. बिळांत काचा कोंबून वरून सिमेंट लिंपलं. शेजारच्या लंकाबाईचं मांजर मागून आणलं; ते बशीभर दूध प्यालं आणि ओट्याखाली पसरलं, जसं काही सासुरवाडीला आलंय. विषाच्या वड्या मात्र तिनं आणल्या नाहीत. घरात एक तान्हं, एक म्हातारं, आणि दोघांनाही हाताला लागेल ते तोंडात घालायची खोड.

"भाभी, तुमच्या घरात कापूस हाय तवर हे जायचे न्हाईत," लंकाबाई म्हणाली. "आयती गादी मिळती त्यास्नी."

हे मेहताबला पटलं. रशीद पिंजारी; त्याचा जन्म गावोगावच्या गाद्या भरण्यात गेला होता. डोकं कामातून गेलं तरी मागच्या खोलीत कापसाचा एक ढीग राहिला होता. त्यातला काडीकचरा निवडत तो दुपारभर बसायचा आणि तेवढा वेळ शांत असायचा. मेहताबनं तो ढीग पोत्यांत भरून परवेझच्या टेम्पोत घातला. रशीद दारात येऊन उभा राहिला. "गादी भरायची का लेप, बाई?" त्यानं विचारलं. बायकोला तो बाईच म्हणायचा, गिऱ्हाईक समजून. मेहताबचा जीव तुटला, पण तिनं टेम्पोचा फाळका लावून घेतला.

कापूस गेला. उंदीर राहिले.

रमजानच्या आधीची साफसफाई निघाली, तेव्हा सुमैरा शिफाला डोस द्यायला दवाखान्यात गेली होती. मेहताब स्टुलावर चढली. वरच्या फळीवरचे मोठे डबे तिनं काढले, तर मागं भाकरीचे तुकडे. वाळलेले, बुरसलेले, कडेनं कुरतडलेले. कपाटावर पाहिलं, तिथं तुकडे. घड्याळामागं तुकडे. कोनाड्यात पावाची अर्धी लादी. ती तशीच स्टुलावर बसली. हे कोणाचं काम आहे, ते तिला कोणी सांगायला नको होतं.

अन्न पायाखाली येऊ नये म्हणून खाली पडलेला तुकडा उचलायचा, ओठांना लावायचा आणि उंच जागी ठेवायचा, हे त्या घरात सगळेच करत आलेले. शहाणं माणूस नंतर तो कोंबडीला, पाखराला घालतं. रशीदला उचलून ठेवायचं तेवढं आठवत होतं. पुढचं गेलं होतं. आणि आता त्याला आपल्या ताटातली भाकरीही खाली पडलेलीच वाटायची.

"आवो, असं ठिवू नका. उंदरं येत्यात," ती त्याला म्हणाली.

"पायाखाली येईल, बाई," त्यानं समजूत काढली. "रिजीक हाय ती, अल्लानं दिल्याली."

सुनेला, लेकाला सांगायला हवं होतं. पण परवेझ मागंच एकदा बोलला होता की अब्बा ताटावरून उठून घरभर फिरतात, त्यांना जेवणापुरतं मागच्या खोलीत ठेवू, बाहेरून कडी लावू. त्या कडीचा आवाज मेहताबला मनातसुद्धा नको होता. तिनं ते तुकडे कोणाला न दाखवता पदरात भरून बाहेर टाकले. आपणच याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवू, असं तिनं ठरवलं. तो ठेवी, ती काढी. तो नवी जागा शोधी, ती तीही हुडकी. आणि खरंच, उंदीर कमी झाले. सुमैरा पुन्हा हसून बोलू लागली. मेहताबला वाटलं, निभावलं.

एका दुपारी मेहताब नमाजाला उभी होती. सुमैरा गच्चीवर कपडे वाळत घालत होती. खोलीत आढ्याच्या कडीला टांगलेल्या झोळीत शिफा झोपली होती. एकाएकी ती अशी किंचाळली की मेहताब नमाज मोडून धावली. उंदीर दोरीवरून वर पळत होता. पोरीच्या बोटातून रक्त येत होतं. धापा टाकत आलेल्या सुमैरानं तिला उचललं, आणि दुपट्यातून भाकरीचा तुकडा खाली पडला.

घरातली सगळ्यात उंच, सगळ्यात स्वच्छ, कोणाचा पाय लागणार नाही अशी जागा रशीदला सापडली होती.

सुमैरानं त्या तुकड्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यात उभ्या सासऱ्याकडे, मग सासूकडे. "अम्मी, तुमाला ठाऊक हुतं?"

खोटं बोलता आलं असतं. "व्हय," मेहताब म्हणाली.

सुमैरानं आदळआपट केली नाही. दवाखान्यात शिफाला सुई टोचून घेतली आणि तिथूनच ती लेकीला घेऊन राहुरीला गेली. संध्याकाळी परवेझ आला, कपडे पिशवीत भरले, झोळी आढ्यावरून सोडून घेतली.

"अब्बांना कोंडा म्हनलं हुतं मी."

"बाप हाय तुझा."

"आन् शिफा?" परवेझ म्हणाला. तो पिशवी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं रशीदला वाढलं. त्यानं ताटातला तुकडा उचलला, ओठांना लावला आणि उठून खोलीत गेला. झोळीच्या रिकाम्या कडीखाली उभा राहून त्यानं हात उंच केला आणि मोकळ्या हवेत चाचपत राहिला.

"बाई, इथं चांगली जागा हुती. कुठं गेली?"

"गेली," मेहताब म्हणाली. "ठिवा आता कुठंबी."

त्यानं तो तुकडा पिठाच्या डब्यावर ठेवला. थोड्या वेळानं ओट्यामागून उंदीर आला, डब्यावर चढला आणि खाऊ लागला. झाडणी मेहताबच्या हाताशीच होती. तिनं ती उचलली नाही.