वहीतला तारा

"वाचू का मोठ्याने?" सुपरवायझर मॅडमनी वही उघडत विचारलं आणि उत्तराची वाट न बघता घसा खाकरलाही.

हॉस्पिटलच्या धुलाईघरात दर शुक्रवारी हाच कार्यक्रम. वाफेने भिंतींना घाम फुटलेला, आणि बायकांनी 'कृतज्ञतेच्या वही'त काय लिहिलं ते मॅडम वाचणार. रोज तीन ओळी, सक्तीच्या. नळाचे, सूर्याचे, खुद्द मॅडमचे आभार मानून सगळ्या मोकळ्या व्हायच्या. घडी घालणाऱ्या वन्सं तर महिनाभर एकच ओळ लिहीत होत्या: 'हात शाबूत आहेत.'

वन्सं म्हणजे इस्त्रीवालीची नणंद. घरी एकच चूल, इथे एकच टेबल, आणि दोन्हीकडे तोंडाचा पट्टा सुरू. मोठ्या चादरी दोघी दोन टोकांना धरायच्या आणि घडी घालत एकमेकींकडे चालत यायच्या, तेही भांडतच.

"ही काय इस्त्री केलीस? सुरकुत्या मोज जरा."

"मोजल्या, वन्सं. तुमच्यापेक्षा कमीच निघाल्या."

अकरा वर्षं कंत्राटावर काढून पुढच्या महिन्यात वन्सं कायम होणार होत्या.

गेल्या शुक्रवारी मॅडम म्हणाल्या होत्या, "नळ पुरे. माणसांबद्दल लिहा, मनापासून." आणि इस्त्रीवाली खरंच मनापासून लिहून बसली होती.

मॅडम वाचू लागल्या, "'मंगळवारी लेक तापाने फणफणली होती. मला तासभर उशीर झाला. वन्संनी माझं हजेरीचं कार्ड पंच करून ठेवलं. फटकळ आहेत, पण माझ्या पाठीशी उभ्या राहिल्या. मी त्यांची आभारी आहे.'"

वही मिटून मॅडमनी वन्संकडे पाहिलं.

"दुसऱ्याचं कार्ड पंच केलंत. उद्यापासून येऊ नका."

"मॅडम, उशीर माझा, चूक माझी. काढायचं तर मला काढा."

"छे, तुम्ही तर खरं लिहिलंत. स्वतःला दोष देऊ नका. पुढच्या आठवड्याचा विषयच तो आहे, स्वतःला माफ करणं." आणि मॅडमनी त्या पानावर एक चकचकीत तारा चिकटवला.

वन्संनी ॲप्रन उतरवला, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घातली, टेबलावर ठेवली आणि निघाल्या.

इस्त्रीवालीने त्यांना फाटकाबाहेर गाठलं. "वन्सं, अहो, थांबा ना. चुकलं माझं."

वन्सं थांबल्या. "अकरा वर्षांत एकदा तरी तोंडावर म्हणालीस, वन्सं, बरं केलंत म्हणून?"

इस्त्रीवाली आठवत राहिली.

"कान उघडे होते माझे. आणि सांगितलंस कुणाला, तर तिला."

दोघींना एकाच घरी जायचं होतं. वन्संनी रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या फुटपाथने चालू लागल्या. इस्त्रीवाली अलीकडून, त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवत. मधे एका मोठ्या चादरीएवढं अंतर होतं. घर येईपर्यंत ते तेवढंच राहिलं.