मेट्रनबाई घाबरल्या

खिन न्वे यांनी डोळे उघडले आणि सगळ्यात आधी स्वतःची नाडी धरली. नाडी चालू होती, जरा वेगात इतकंच. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची मनगटं धरली होती आणि बोटांखाली ठोका लागला की त्या निश्चिंत होत. आज मात्र ठोका लागूनही अंगाला दरदरून घाम सुटला. हे मनगट कुणाचं, तेच त्यांना कळेना.

आजूबाजूला बायका डोळे मिटून बसल्या होत्या. सकाळचं ऊन ध्यानगृहाच्या फरशीवर आलं होतं. खिन न्वे धडपडत उठल्या आणि थेट साध्वी केतुमालांच्या ओसरीवर गेल्या. गुलाबी वस्त्रांतल्या त्या कृश बाईंना सगळे आदरानं सयाले म्हणत.

"सयाले, मला मंडालेला जायला हवं. माझं हृदय तपासायला हवंय."

"बसा आधी. काय झालं ते सांगा. रोगाचं नाव नको, नुसती लक्षणं सांगा."

ही तर त्यांचीच भाषा! जिल्ह्याच्या इस्पितळात नव्या नर्सना त्या अशाच दटावत. त्या आल्या की वॉर्डातली कुजबुज थांबायची, डॉक्टरसुद्धा विडी विझवायचे, अशा मेट्रन! निवृत्त झाल्यावर घरात कुणी ऐकेना, म्हणून जरा मन शांत करायला सगाइंगच्या टेकडीवरच्या या ध्यानशिबिरात आलेल्या.

"सांगितल्याप्रमाणे पोटाकडे लक्ष ठेवून होते," त्या म्हणाल्या. "फुगलं, बसलं. फुगलं, बसलं. मग पोट कुठे गेलं कोण जाणे, नुसतं फुगणं नि बसणं राहिलं. मग तेही तुटायला लागलं. तव्यावर तीळ तडतडतात ना, तसं. दिसलं की गेलं, दिसलं की गेलं. आणि मग..." त्यांनी पुन्हा मनगट चाचपलं. "मग बघणारीपण तशीच जायला लागली. आत कुणी नाहीच, सयाले! ओरडायला गेले, तर ओरडणारी सापडेना."

सयाले म्हणाल्या, "हृदय चांगलं आहे तुमचं. वाट चालताना हे लागतंच. जिला आजवर 'मी' म्हणून सांभाळलं तिच्यावरची मूठ सुटायला लागली की माणूस घाबरतं. मीही घाबरले होते. आईला हाका मारत होते."

"मला नाही झेपायचं. मी जाते."

"जा ना. फाटक उघडंच आहे."

खिन न्वे तरातरा खोलीकडे निघाल्या. बॅग भरली, पण चेन काही लागेना. तेवढ्यात बाहेर पाण्याच्या रांजणांमागून कण्हल्यासारखा आवाज आला. त्या गेल्या, तर शिबिरातलीच श्वे मी नावाची साधिका तिथे गुडघे छातीशी घेऊन बसली होती. बंदरावर मासळीच्या रश्शातल्या शेवया विकणारी, तोंडाची फटकळ बाई; पण आता तिचे ओठ पांढरे पडले होते.

"बाई, तुम्ही दवाखान्यातल्या ना? मी मरतेय का हो? सगळं पायाखालनं सरकतंय बघा."

खिन न्वे वाकल्या. तोंडात ठरलेलं वाक्य आलं. ते त्यांनी किती मरणाऱ्यांना ऐकवलं होतं! शेवटच्या आजारात नवरा म्हणाला होता, "मला भीती वाटते गं." तेव्हाही त्यांनी त्याची चादर ताठ केली होती आणि म्हटलं होतं, "काहीतरीच काय! मी आहे ना." त्यानंतर तो पुन्हा काही बोलला नव्हता. त्यांना वाटलं होतं, त्याला धीर आला.

मी आहे ना. आज हे शब्द ओठांवर येऊन तिथेच अडले.

"मला ठाऊक नाही गं," त्या म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "मीपण घाबरलेय. पळूनच चालले होते."

श्वे मी डोळे फाडून बघत राहिली. "तुम्ही? अगं बाई गं! मग माझ्यासारखीनं काय करायचं?" आणि रडता रडता तिला हसू फुटलं. खिन न्वे तिच्याशेजारी ओल्या जमिनीवर टेकल्या. नेसलेली लुंगी भिजली, तरी त्या उठल्या नाहीत. आपण तेव्हा नवऱ्याजवळ असं नुसतं बसलो असतो तर, एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि मग त्याही रडल्या.

घंटा झाली. श्वे मीनं नाक पुसलं. "जायचं का आत? का गाडी गाठताय?"

"तू येतेस?"

"तुम्ही बसलात तर बसते बाई."

दोघी दाराजवळ बसल्या. फुगलं, बसलं. थोड्याच वेळात ते पुन्हा आलं. आधी पोट गेलं, मग पाठ, मग आतली ती टेकायची जागा. भीती तोंडापर्यंत चढली. भीती, भीती, खिन न्वे शिकवल्याप्रमाणे मनातल्या मनात नोंदवत राहिल्या. ती ओसरली नाही. वॉर्डात हात कापायला लागले की त्या ते एप्रनच्या खिशात घालत. कुणाला कधी दिसू दिले नव्हते. आता ते मांडीवर सगळ्यांसमोर थरथरत होते, आणि त्यांनी ते तसेच राहू दिले.