मी रिकामा परत गेलो नाही

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे. माझ्या कुशीला पोचा आहे आणि झाकणाची एक कडी अंगठ्याने जोर देऊन दाबावी लागते. बाकी मी ठणठणीत आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण जुना डबा दिसला की लोक नाक मुरडतात.

कोरियातल्या देगू शहरात मी बोरम नावाच्या मुलीच्या आईचा डबा होतो. ती सूतगिरणीत कामाला होती. रोज सकाळी ती माझ्यात गरम भात भरायची, वर तळलेलं अंडं आणि कडेला किमची, म्हणजे तिखट आंबवलेली कोबी. माझ्या किमचीच्या वासावरून गिरणीतल्या बायका तिला चिडवायच्या आणि जेवायच्या सुट्टीत माझ्याभोवतीच जमायच्या. तेव्हा माझा रुबाब काही औरच होता. पुढे गिरणी बंद पडली आणि मी फडताळात गेलो. माझ्यात बटणं ठेवली. बारा वर्षं बटणं! भाताची सवय असलेल्या डब्याचे असे हाल कुणी करू नयेत.

बोरम कॉलेजात जाऊ लागली तेव्हा माझे दिवस पालटले. दर शनिवारी दुपारी ती आणि तिचे मित्र स्टेशनसमोर बेघर माणसांना जेवण वाटत. कागदी खोक्यात भात लगेच गार होई. मग वरच्या वर्गातला म्योंग-जे म्हणाला, "घराघरातले जुने डबे आणू. अन्न गरम राहील. आणि डबा परत द्यायला माणूस पुढच्या शनिवारी येईलच. तो बरा आहे ना, तेही कळेल."

बोरमने माझ्यातली बटणं ओतली आणि मला घासायला घेतलं. आई म्हणाली, "तो डबा हरवलास तर याद राख. माझ्या पहिल्या पगाराचा आहे." माझा ऊर भरून आला. म्हणजे पोटच, डब्याला दुसरं काय असतं?

मी गेलो ग्वाक आजोबांच्या हाती. एके काळी ते दारं-खिडक्या बनवणारे सुतार होते, आता नदीवरच्या पुलाखाली राहत. बोरमने मला दोन्ही हातांनी पुढे केलं, त्यांनीही दोन्ही हातांनी घेतलं. पुलाखाली बसून त्यांनी भात शीत न् शीत संपवला. मग नदीच्या वाळूने मला असं घासलं की माझा पोचासुद्धा चमकला.

पुढचा शनिवार आला. आजोबांनी मला उचललं, आत पाहिलं आणि परत खाली ठेवलं.

"रिकामं भांडं कसं परत करायचं?" ते पुटपुटले. "आई असती तर कान पिळला असता."

मी म्हटलं, आज नाही तर उद्या काहीतरी सापडेल. पण त्यांच्यापाशी द्यायला होतं काय? एक घोंगडी, एक बोथट पटाशी आणि खोकला. दुसरा शनिवार गेला, तिसरा गेला. आजोबा जेवायला गेलेच नाहीत. कधी पावाचा तुकडा मिळे, कधी नुसतं पाणी. त्यांचे गाल आत गेले. मित्रांनो, मी अन्न पोचवणारा डबा, आणि माझ्यापायीच माणूस उपाशी! मला भयंकर लाज वाटली. डब्याला तोंड असतं, पण त्यातून आवाज निघत नाही.

तिकडे काय चाललं होतं ते मला मागाहून कळलं. म्योंग-जे म्हणत होता, "अगं, विकला असेल. स्टीलचा होता ना." बोरम म्हणाली, "दादा, त्या माणसाने डबा घेताना मान लववली होती. असा माणूस डबा विकत नाही." ती दोन वेळा स्टेशनभर शोधून आली. पुलाचं तिला ठाऊकच नव्हतं.

मग एका सकाळी सोसाट्याचा वारा सुटला आणि रस्त्याकडेच्या गिंकोच्या झाडांखाली पिवळ्या फळांचा सडा पडला. आजोबा लगबगीने उठले. काय सांगू तुम्हाला तो वास! सडक्या लोण्यालाही लाजवील असा. आजोबांनी फळं चिरडून आतल्या, भाजून खायच्या बिया काढल्या, नदीत धुतल्या. हातांना खाज सुटली तरी थांबले नाहीत. चार दिवस वर्तमानपत्रावर वाळवून त्यांनी बिया माझ्यात काठोकाठ भरल्या. बटणांपेक्षा हे बरं, मी स्वतःला समजावलं.

शनिवारी ते निघाले. वाटेत दोनदा बसले. आम्ही पोचलो तेव्हा मुलं आवराआवर करत होती आणि पातेलं रिकामं होतं. माझा जीव टांगणीला लागला.

"हा वास कसला रे?" म्योंग-जे म्हणाला.

बोरमने वळून पाहिलं आणि हातातली बादली सोडून धावली. "आजोबा! कुठे होतात तुम्ही?"

आजोबांनी मला पुढे केलं. "उशीर झाला, पोरी. रिकामा कसा आणू? आधी काही मिळालं नाही."

बोरमने झाकण उघडलं. तिला सगळं कळलं. "तीन शनिवार उपाशी राहिलात? या डब्यापायी?" ती रडू लागली आणि रडता रडताच रागावली. मुलं सगळ्यांत शेवटी जेवत, त्यामुळे तिच्या वाटचा भात अजून शिल्लक होता. तो तिने आजोबांपुढे ठेवला. म्योंग-जेने मान खाली घालून आपलं सार त्यांच्या वाटीत ओतलं आणि बिया भाजायला घेतल्या.

"आजोबा, यापुढे झाडाचं एक पान टाकून आणलंत तरी डबा भरला, असं समजायचं," बोरम म्हणाली.

आजोबांनी थोडा विचार केला. "पान चालेल," ते म्हणाले आणि जेवू लागले. पहिला घास त्यांच्या घशाखाली उतरला तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

आता दर शनिवारी मी एक पान घेऊन परत येतो. मित्रांनो, आम्हा डब्यांना घासूनपुसून ठेवा, आमच्यात बटणं ठेवू नका. आणि कुणाकडे दिलेला डबा परत आला नाही, तर आधी त्या माणसाला शोधायला जा. डबा काय, त्याच्यापाशीच असतो.